सरासरी फ्रेम वाढल्या, तरी खेळ अडखळतोच : आता प्रोसेसर बदलावा का?

उघडी_पेटी

नमस्कार. सुटे भाग निवडून स्वतः जुळवलेला एकच संगणक मी काही वर्षे वापरतो आहे. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी डीडीआर४ रॅम (पाकिटावर ३२०० लिहिलेली) आणि १४४ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर अशी त्याची रचना आहे. ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड महिन्याभरापूर्वी काढून मी १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० बसवले.

‘द विचर ३’ हा माझा सर्वांत आवडता खेळ. मी तो डायरेक्टएक्स ११ वर (खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारे सॉफ्टवेअर) खेळतो. त्यात सेकंदाला दिसणाऱ्या सरासरी फ्रेम, म्हणजे चित्रे, साठीच्या घरातून थेट ९५ च्या आसपास गेल्या. मोकळ्या रानात घोडा धावतो तेव्हा सारे सुंदर दिसते. परंतु नोव्हिग्राड शहरात शिरल्यावर, विशेषतः गर्दीच्या चौकात चटकन मान वळवली की, चित्र क्षणभर थबकते आणि मग उडी मारून पुढे जाते. त्याशिवाय आणखी एक बारीक झटका आहे, तो रानातही येतो. शहरात ग्राफिक्स कार्डाचा वापर ६०-६५ टक्क्यांवर उतरतो, पण प्रोसेसरचा एकूण वापरही ५५ टक्क्यांच्या वर जात नाही. दोघांपैकी कोणीच पूर्ण क्षमतेने काम करत नसेल, तर अडते कुठे, हे मला कळत नाही.

ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाकून पाहिले, कूलरची थर्मल पेस्ट बदलली. तापमान ७० अंशांच्या आत आहे आणि खेळ एसएसडीवर आहे. आता प्रोसेसर बदलावा, की मदरबोर्ड आणि रॅमसकट सगळेच बदलावे?

एक गोष्ट मनापासून सांगतो. गेला महिनाभर मी हा खेळ खेळलेलोच नाही. रोज रात्री तोच चौक, तीच फेरी आणि पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे, एवढेच चालले आहे. भाग जुळवण्याची मला मनस्वी आवड आहे, पण ज्यासाठी जुळवले ते हातून निसटते आहे असे वाटू लागले आहे.

मोजपट्टी

तुमचा प्रश्न नीट मांडलेला असल्यामुळे उत्तराची दिशा सापडते. सर्वप्रथम सरासरीवरचा विश्वास कमी करावा लागेल. एका सेकंदात ९४ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एकाच फ्रेमला ६० मिलिसेकंद लागले, तर बेरीज बरोबर एक सेकंद होते आणि कोपऱ्यातला आकडा ९५ दाखवतो. डोळ्याला मात्र ती एक फ्रेमच दिसते, कारण १४४ हर्ट्झचा पडदा सुमारे ६.९ मिलिसेकंदांनी नवे चित्र मागतो आणि त्या ६० मिलिसेकंदांत त्याने आठ वेळा मागूनही त्याला जुनेच चित्र मिळालेले असते. टेक रिपोर्ट या संगणकविषयक संकेतस्थळाच्या स्कॉट वासन यांनी २०११ मध्ये हीच गोष्ट चाचण्यांसह मांडली आणि तेव्हापासून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत रुळली. म्हणून आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर या मोजणी करणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्रेमटाइमचा आलेख लावा आणि सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा, म्हणजे ‘१% लो’, लिहून ठेवा.

प्रोसेसरच्या ५५ टक्क्यांनी तुमची दिशाभूल केली आहे. तुमच्या प्रोसेसरमध्ये सहा कोअर (गणना करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा) आहेत, आणि हा आकडा त्या बाराही थ्रेडची सरासरी आहे. खेळाचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण तणून गेला, तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के दिसतो. बाकीचे थ्रेड त्याची वाट पाहत बसतात आणि ग्राफिक्स कार्डही त्याच्याच आदेशांसाठी खोळंबते. कार्ड ६० टक्क्यांवर उतरणे हाच प्रोसेसरची बाजू अपुरी पडत असल्याचा पुरावा आहे. जुने कार्ड इतके संथ होते की ही उणीव त्याच्याआड झाकलेली होती.

परंतु ‘प्रोसेसरची बाजू’ म्हणजे केवळ प्रोसेसर नव्हे. काहीही बदलण्याआधी दोन गोष्टी पाहा. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग किती दिसतो? आणि चारपैकी कोणत्या दोन स्लॉटमध्ये स्टिक बसवल्या आहेत?

उघडी_पेटी

वेग २१३३ दिसतो आहे, आणि हे मी इतकी वर्षे पाहिलेच नव्हते. दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी, प्रोसेसरपासून पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये आहेत. तशा नीट रांगेत दिसतात म्हणून बसवल्या होत्या.

मोजपट्टी

मग तुमच्या अडचणीचा मोठा भाग इथेच आहे. अशा चार स्लॉटच्या बोर्डावर पहिले दोन स्लॉट सहसा एकाच चॅनेलचे असतात, त्यामुळे दोन स्टिक असूनही तुमची रॅम एकाच वाटेने ये-जा करते आहे. गणित सोपे आहे. एका चॅनेलवरून एका वेळी ८ बाइट जातात. २१३३ ला ८ ने गुणले की सेकंदाला सुमारे १७ जीबी होतात. हीच रॅम दोन चॅनेलवर ३२०० वेगाने चालली तर ५१.२ जीबी होतात, म्हणजे तिप्पट. शिवाय या पिढीच्या रायझनमध्ये कोअरच्या गटांना जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्याच घड्याळावर चालते, त्यामुळे रॅम संथ ठेवली की प्रोसेसरच्या आतली देवाणघेवाणही संथ होते. नोव्हिग्राडसारख्या शहरात शेकडो पात्रांची माहिती सतत रॅममधून आणावी लागते आणि तिथेच ही उणीव बोचते.

पाकिटावरचा ३२०० हा वेग आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमचा पाकिटावरचा वेग लागू करणारे) प्रोफाइल चालू करावे लागते. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असे नाव असते. आधी संगणक बंद करून वीजपुरवठा तोडा, स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा आणि दोन चॅनेल चालू झाल्याची सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये खात्री करा. एक्सएमपी त्यानंतरच चालू करा. दोन्ही बदल एकाच वेळी केले तर कशाने किती फरक पडला हे कधीच कळणार नाही.

जंपरवाला

मोजपट्टी यांच्या शेवटच्या वाक्याला माझा जोरदार दुजोरा आहे. मी या छंदात आलो तेव्हा १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर हौशी लोकांच्या हातात नुकताच पडला होता. बसच्या (मदरबोर्डावरच्या माहितीच्या वाटेच्या) वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, तो गुणक ४.५ असा पक्का असे, पण मदरबोर्डावरचा जंपर, म्हणजे पिना जोडणारी छोटी टोपी, सरकवून बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० वर चालू लागे. आकाराने लहान, म्हणजे अवघी १२८ केबी असली, तरी त्याची कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान स्मृती, चिपवरच होती आणि प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावत होती, म्हणून खेळांत तो कितीतरी महाग प्रोसेसरांच्या बरोबरीने उभा राहत असे. पहिल्या वेळी मी उत्साहाच्या भरात जंपर, व्होल्टेज आणि रॅमच्या सेटिंग एकाच रात्री बदलल्या. संगणक सुरू होईना, आणि तिन्हींपैकी कशामुळे, ते शोधण्यात पुढचे तीन दिवस गेले. तेव्हापासून एक वही ठेवली आहे. तारीख, एकच बदल, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, यापलीकडे तिच्यात काही नसते. आजही तीच पद्धत आहे.

तुम्ही पेस्ट बदललीत म्हणून एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण पुढे प्रोसेसर बदलायची वेळ आली तर ती उपयोगी पडेल. ज्या प्रोसेसरच्या तळाला पिना असतात, त्यांचा कूलर सरळ वर ओढू नये. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते आणि सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून वर येतो. माझ्या हातून असे झाले आणि एका कोपऱ्यातल्या सात पिना वाकल्या. भिंग लावून, दाढीच्या पात्याच्या कडेने एकेक पीन सरळ करताना हात कसा स्थिर ठेवला, ते माझे मला ठाऊक. आधी वीस मिनिटे एखादा जड खेळ चालवून पेस्ट मऊ करावी, मग संगणक बंद करून, कूलरची पकड सोडून तो हलकेच डावी-उजवीकडे फिरवावा आणि सैल झाल्याचे जाणवल्यावरच उचलावा.

शांत_पंखा

मी झटक्यांकडे थोड्या निराळ्या नजरेने पाहतो. झटका किती मोठा आहे यापेक्षा तो कोणत्या लयीत येतो, हे मला अधिक सांगून जाते.

गर्दीत मान वळवताना येणारा झटका प्रोसेसर आणि रॅमकडे बोट दाखवतो, त्याविषयी वर लिहून झालेच आहे. एखादे दृश्य किंवा स्फोट पहिल्यांदाच दिसताना झटका येतो आणि दुसऱ्यांदा तिथेच येत नाही, तेव्हा शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम, त्या क्षणी तयार होत असतात. डायरेक्टएक्स १२ आणि त्याच प्रकारच्या व्हल्कनच्या अनेक खेळांत हे आढळते, आणि नवे कार्ड किंवा नवा ड्रायव्हर आला की साठवलेले शेडर निरुपयोगी होतात, त्यामुळे पहिले काही तास त्यावरून निष्कर्ष काढू नयेत. तुम्ही डायरेक्टएक्स ११ वर आहात, म्हणून तुमच्या बाबतीत मी ही शक्यता मागे ठेवतो. क्वचित कधीतरी, दिवसातून एक-दोनदा, आवाजासकट सारे एक-दोन सेकंद गोठत असेल तर मात्र बायोसची तारीख पाहा. काही रायझन संगणकांवर एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे असे घडत असल्याचे एएमडीने २०२२ च्या मार्चमध्ये स्वतः जाहीर केले आणि त्यावरचा उपाय नव्या बायोसमधून दिला.

आणि घड्याळासारखा नियमित येणारा झटका खेळाचा नसतोच. पार्श्वभूमीवर चाललेले काहीतरी ठरावीक अंतराने जागे होत असते. रानातही येणारा तो बारीक झटका किती सेकंदांनी येतो, ते मोजाल का?

उघडी_पेटी

सर्वांचे मनापासून आभार. तीन रात्री एकेक बदल करून नोंदी ठेवल्या आहेत. त्याच चौकातल्या त्याच फेरीत १% लो आधी ३८ होता. स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्यावर तो ४७ झाला आणि एक्सएमपी चालू केल्यावर ५८ वर पोहोचला. मान वळवताना चित्र थबकणे जवळजवळ थांबले आहे.

बारीक झटका मात्र तसाच राहिला. आलेखात मोजले तेव्हा तो बरोबर दोन सेकंदांनी येत होता आणि प्रत्येक वेळी साधारण ३० मिलिसेकंदांचा सुळका दिसत होता. पंखे आणि दिवे सांभाळणारा एक प्रोग्राम दर दोन सेकंदांनी सेन्सर वाचत होता, आणि त्याच वेळी मी स्वतः उघडून ठेवलेला तापमान दाखवणारा दुसरा प्रोग्रामही तेच सेन्सर वाचत होता. पंख्यांचा वेग बायोसमध्ये ठरवून टाकला आणि दोन्ही प्रोग्राम बंद केले. सुळके नाहीसे झाले.

एकच शंका उरली आहे. ३२०० वर खेळताना काही अडले नाही, पण रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्रोग्राम रात्रभर चालवल्यावर दुसऱ्या फेरीत चुका दिसल्या. वेग २९३३ वर आणल्यावर चारही फेऱ्या निर्दोष गेल्या आणि १% लो ५६ राहिला. रॅम सदोष आहे का? आणि प्रोसेसर बदलण्याचा विचार आता सोडून द्यावा का?

जंपरवाला

प्रोसेसर आज बदलू नका. पण विचार सोडायचेही कारण नाही. तुमच्या बोर्डाचे एएम४ सॉकेट दीर्घायुषी ठरले आहे. २६०० ची १६ एमबी एल३ कॅश दोन गटांत आठ-आठ अशी विभागलेली आहे, तर याच सॉकेटमध्ये बसणाऱ्या नव्या रायझन ५ ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश सहाही कोअरना एकत्र मिळते. ५८००एक्स३डी मध्ये तर ती ९६ एमबी आहे, आणि गर्दीच्या शहरांत ही कॅशच खरी कामाला येते, कारण जवळ साठवलेल्या माहितीसाठी रॅमपर्यंत जावे लागत नाही. त्यामुळे मदरबोर्ड आणि रॅम बदलण्याची गरज मला दिसत नाही. जेव्हा कधी बदलाल तेव्हा जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच बायोस अद्ययावत करून घ्या. नवा बसवल्यावर जुन्या बायोसला तो ओळखताच येणार नाही आणि पडदा काळाच राहील.

महिनाभर खेळ हातून निसटल्याचे तुम्ही लिहिलेत, त्यावर मी माझ्यापुरती एक रीत घातली आहे. मोजायची रात्र वेगळी आणि खेळायची रात्र वेगळी. खेळायच्या रात्री फ्रेमची मर्यादा शहरातही टिकेल अशी ठरवायची आणि कोपऱ्यातले आकडे पूर्ण बंद ठेवायचे. तुमच्याकडे ७० ची मर्यादा लावून पाहा. रानात ९५ आणि शहरात ७० असा चढउतार डोळ्याला जितका खुपतो, तितकी स्थिर ७० ची गती खुपत नाही. भाग जुळवण्याची आवड ही काही कमी प्रतीची आवड नव्हे, म्हणून मोजण्याच्या रात्रीबद्दल मनात अपराधी भावना बाळगू नका.

मोजपट्टी

रॅम सदोष असेलच असे नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि २६०० साठी २९३३ हाच अधिकृत कमाल वेग आहे. ३२०० चालला तर ते अधिकचे होते. तो हक्काने मागता येत नाही. दोन फ्रेमच्या फरकासाठी चुका सोसू नका, कारण रॅममधली चूक खेळ बंद पाडून थांबत नाही, कधी जतन केलेली फाइलही बिघडवते. २९३३ वरच ठेवा, आणि पुढे ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवाल तेव्हा याच स्टिक ३२०० वर पुन्हा तपासा. तेव्हाही चुका आल्या, तर प्रत्येक स्टिक एकेकटी बसवून पाहावी लागेल.

उघडी_पेटी

२९३३ वर कायम केले आणि वहीत तशी नोंद केली. काल ७० ची मर्यादा लावून, आकडे बंद ठेवून नोव्हिग्राडमध्ये शिरलो. त्या चौकातून पुढे जाणारी एक गल्ली बंदराकडे उतरते, हे माझ्या पूर्ण विस्मरणात गेले होते. पहाटेपर्यंत तिथेच होतो.