ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर सेवेला जातो, पण माणूस बघायचा राहून जातो. काय बदलावं?

प्रश्न: रविवारची_टीम (कोल्हापूर)

आम्ही आठ जण आहोत. दोन नर्स, एक फार्मासिस्ट, बाकी कॉलेजची मुलं. गळीत हंगामात दर रविवारी सकाळी 11 ते 1 करवीर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याशेजारच्या कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांवर) जातो. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, मुलांना बिस्किटं. दोन तासांत 80 नोंदी होतात, पण पुढच्या खेपेला कुणाचं नाव आठवत नाही आणि गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली असतात. बहुतेक टोळ्या बीडच्या, त्यात काही बंजारा, एक टोळी विजापूरकडची कन्नड. घाई सोडून माणूस बघायचा तर नेमकं काय करायचं?

फड_ते_गव्हाण

पहिली चूक वेळेची. रविवार तुमचा, त्यांचा नाही. बैलगाडीची टोळी पहाटे अंधारात फडावर (तोडीच्या उसात) जाते, दुपारपर्यंत तोड, मग मोळ्या बांधून गाडी भरायची. गडी गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत नंबराला लागतो, बाई चालत कोपीवर येते, पाणी भरते, चूल पेटवते. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीचं तर विचारूच नका, रात्री दोनलाही भरणीला उठवतात. सकाळी 11 ला तुम्हाला भेटतात ती लहान पोरं, म्हातारी माणसं आणि आजारी म्हणून मागं राहिलेले. ज्यांच्यासाठी जाताय ते फडात असतात.

संध्याकाळी साडेसहा ते आठ जा, भाकरी थापायला बसायच्या जरा आधी. आधल्या दिवशी मुकादमाला (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला) फोन करून गाड्या कधी रिकाम्या होणार ते विचारा. कारखाना सफाईसाठी बंद असेल तो दिवस सोन्यासारखा. मात्र मुकादमाकडून वेळेपुरतीच माहिती घ्या. लोकांच्या वतीनं तो बोलायला लागला की बायका गप्प होतात, कारण उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) त्याच्याकडून घेतलेली असते.

आणखी एक. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईला ‘उद्या सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) दाखवा’ म्हटलं की दोघांचा खाडा पडतो. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी विचारा: उद्याचा फड कुठं, सोबत कोण येणार, पोरं कुणाकडं. एवढं न विचारता दिलेली चिठ्ठी चुलीत जाते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

वॉर्डाबाहेर

80 नोंदी, 120 मिनिटं, म्हणजे माणशी दीड मिनिट (रांगा दोन लावल्या तरी तीनच). एवढ्यात बीपीसुद्धा बरोबर येत नाही. चहा, तंबाखू, मिसरीनंतर अर्धा तास जायला हवा. लघवी तुंबलेली नको. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला आधारावर. कोपीत पाठ टेकायला काही नसतं, तेव्हा दोन घडीच्या खुर्च्या सोबत न्या. उसाच्या पातीनं अंग कापतं म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. त्या बाहीवरून पट्टा बांधला तर आकडा चुकतो आणि चारचौघांत बाही वर सरकवायला त्या लाजतात. बाईचं बीपी बाईनंच, आडोशाला घ्यावं.

त्या पाच मिनिटांत तुम्हीही गप्प बसायचं, फोन खिशात. हातावरच्या कोयत्याच्या खुणा बघा, टाचा बघा, खालच्या पापणीच्या आतला फिकेपणा बघा, मूल कोण सांभाळतंय ते बघा. बिस्किटांना झुंबड करणारी पोरं आपोआप दिसतात. कडेवर तान्हं घेऊन मागं उभी राहिलेली आठ-नऊ वर्षांची बहीण शोधावी लागते.

गोळ्या का पडून राहतात? मळमळ होते, शौच काळं होतं, पोट बिघडतं, आणि फडात आडोसा नसतो. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी पाकीट बंद. रात्री भाकरीनंतर एक घ्यायला सांगा. चहाच्या आधी-नंतर तासभर अंतर ठेवावं. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस. हिमोग्लोबिन कमी आलं तर डोस डॉक्टर ठरवतील.

आणि रांगेत ‘पिशवी (गर्भाशय) काढलीय का?’ असं कुणी विचारू नये. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीडच्या ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांची चौकशी केली. तेव्हापासून वही-पेनवाल्यानं हा प्रश्न काढला की कान टवकारले जातात. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल, तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

गर्दी_मोठी

ऐकायला छान आहे भावा, पण दोनशे माणसं असतात. गप्पा मारत बसलं तर निम्मी तशीच राहतील.

वॉर्डाबाहेर

राहू देत. एका संध्याकाळी चार जोड्या, प्रत्येक जोडीला चार कोप्या, कोपीला वीस मिनिटं. सोळा घरं नीट होतात. पुढच्या वेळी पुढची सोळा, आधीच्यांना फक्त ‘गोळी सोसली का?’ एवढं विचारून. ताप, जुलाब, दम लागलेला माणूस मात्र रांग मोडून आधी.

सीमाभागातला

बोलीबद्दल. आपण कोल्हापूरकर जोरात बोलतो, ‘ये की हिकडं’ हे आपल्याला लाडाचं, परक्याला दटावल्यासारखं. आवाज निम्मा करा, ‘मावशी’, ‘भाऊ’ म्हणा. बंजारा घरात पोरं आईला ‘याडी’ म्हणतात. तेवढा एक शब्द माहीत असला तरी पोरं हसून जवळ येतात. कन्नड टोळीत शिरताना ‘ऊटा आतेन्री?’, म्हणजे जेवण झालं का. पुढचं येत नसेल तर गडहिंग्लज-चंदगडचा कन्नड येणारा कुणीतरी सोबत न्या. पोरांना दुभाषी करू नका. आईच्या अंगावरचं जाणं पोरानं का सांगावं?

नाव आधी तिचं विचारा. बऱ्याच बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पेन उगारून तिष्ठत उभं राहू नका, पोराला विचारा किंवा नंतर भरा. ‘जात कोणती’ऐवजी ‘गाव कोणतं’. त्यावर मात्र पंधरा मिनिटं बोलतात, पाऊस-पाण्यापासून सगळं. चपला बाहेर, चुलीला ओलांडायचं नाही, पोत्यावर बसायचं. कोरा चहा आला तर दोघांत एक कप घ्या. (साखर कारखान्याच्या दारात राहून दूध परवडत नाही, हे तिथं बसल्यावरच कळतं.) फोटो नको.

कपडे वाटायचे असतील तर नायलॉनच्या साड्या नकोत. जुने पण धड, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट द्या.

रविवारची_टीम

वेळ बदलतो, शर्टही गोळा करतो. नोंदी कशा ठेवायच्या? कोप्या हलतात, नंबर बदलतात.

फड_ते_गव्हाण

कोपीच्या नंबरावर ठेवूच नका. पानाच्या माथ्यावर मुकादमाचं नाव, तालुका, गाव. खाली बाईचं नाव, मग घरातली माणसं, मग तिच्याच शब्दांत एक ओळ: ‘रात्री पाय वळतात’, ‘मोठी पोरगी गावाकडं आजीजवळ’. पुढच्या भेटीला ती ओळ वाचून आत शिरा. रेशनचं विचारा. आधार जोडलेलं कार्ड इथल्या दुकानातही चालतं, पण अंगठा लावायला दुकान उघडं असताना पोचता आलं पाहिजे. गरोदर बाई असेल तर 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे नंबर तिच्या आणि शेजारणीच्याही फोनमध्ये घालून द्या. पट्टा पडायच्या (हंगाम संपायच्या) पंधरा दिवस आधी लसीचं कार्ड तपासा, राहिलेले डोस इथल्या उपकेंद्रात पूर्ण करून घ्या. एकदा गाड्या भरून निघाल्या की तारीख गावी पोचेपर्यंत टळलेली असते.