घरात टिकलेल्या पर्यावरणपूरक सवयी: तुमचा अनुभव लिहा

पर्यावरणासाठी काय करावं याच्या याद्या सगळ्यांनीच वाचल्यात. इथे फक्त तुमच्या घरात खरोखर टिकलेलं लिहा: काय आणता, कशात आणता, घरच्यांना ते कसं पटलं.

सुरुवात मी करते. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा मी जुन्या सुती परकरांच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या. प्रत्येकीवर तिचं रिकामं वजन धाग्याने काढलंय, म्हणजे वाण्याला ते वजा करायला सोपं जातं. डाळ, रवा, पोहे त्यांतच येतात. तेलासाठी घाण्यावर स्टीलची किटली नेते. सुटा माल निवडायला वेळ लागतो, पण पाकिटं घरात शिरतच नाहीत.

सांगली
परसात घोसाळ्याचा वेल आहे. काही घोसाळी मुद्दाम वेलावरच वाळू द्यायची. साल सोलून बिया झटकल्या की आतली जाळी भांडी घासायला आणि अंग चोळायलाही उत्तम. बिया पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवायच्या. प्लास्टिकची घासणी आमच्याकडे येत नाही.

ठाणे
मी लिंबू-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे आंबवून केलेलं सफाईचं पाणी, करते. गूळ १ भाग, साली ३ भाग, पाणी १० भाग. बाटली प्लास्टिकचीच घ्या आणि वर जागा सोडा, कारण आत गॅस धरतो, काच फुटू शकते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करायचं. तीन महिन्यांनी गाळून, पाण्यात मिसळून फरशी पुसायची. हे आम्लधर्मी असतं, तेव्हा संगमरवरावर किंवा कडप्प्यावर वापरू नका, चकाकी जाते.

डोंबिवली
सगळं छान आहे, पण एक विचारते. पिशव्या धुणं, साली साठवणं, ओला-सुका वेगळा करणं, हे तुमच्याकडे कोण करतं? सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईवर हे एक जास्तीचं काम पडत असेल, तर ते टिकणार नाही. आमच्याकडे मी सरळ वाटणी केली. कंपोस्टचा माठ यांच्याकडे, पिशव्या मुलाकडे. ओला कचरा, वर कोरडा पालापाचोळा, अधूनमधून आंबट ताक, आणि आठवड्यातून एकदा ढवळणं. वास आला की समजायचं, पाचोळा कमी पडलाय.

पुणे
डोंबिवलीच्या ताई, अगदी खरं. आणि घराबाहेरही कोणीतरी बाईच तो कचरा हाताने निवडत असते. आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या मावशी येतात. त्यांच्याकडून शिकलो ते सांगतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून, वाळवून द्यायची, म्हणजे तिला भंगारात किंमत येते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ती पुडी त्यांना उघडून बघावी लागत नाही. आता मुलगी मासिक पाळीचा कप वापरते, त्यामुळे त्या पुड्याही कमी झाल्या.

नागपूर
पंखे बदलले. जुना साधारण ७५ वॅटचा होता, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. आमच्या उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र चालतो, तेव्हा फरक बिलात दिसतो. प्यायला माठच.

जर्मनी
इथे पाण्याची किंवा शीतपेयाची एकदा वापरायची बाटली घेतली की २५ सेंट अनामत भरावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती मिळते आणि ती रक्कम बिलातून वजा होते. काचेच्या बऱ्याच बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जातात, त्यांची अनामत कमी असते. शनिवारी लोक रिकाम्या बाटल्यांची पोती घेऊनच खरेदीला येतात. आमच्या मुलांना त्या परत करायचं काम दिलंय, सुटणारे पैसे त्यांचे. पर्यावरणावर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.