पाणकावळा पिसं साफ करतानाचे फोटो: चोच हलते, डोळा मिटतो, काय करू?

धरमपेठकर

नमस्कार मंडळी. थंडी पडायला लागल्यापासून सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावर जाऊन राहिली आहे. मासा पकडणारा खंड्या, उडणारे बगळे यांचे फोटो सगळेच काढतात. माझा जीव अडकलाय पिसं साफ करत बसलेल्या पक्ष्यांत. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांदीवर छोटा पाणकावळा बसतो, मान पार मागे वळवतो, शेपटीच्या मुळाशी चोच घासतो आणि मग एकेक पीस चोचीतून ओढत जातो. किती वेळ पाहिलं तरी मन भरत नाही.

फोटोत मात्र चोच पुसट येते, डोळा नेमका मिटलेला असतो आणि काळा पक्षी म्हणजे नुसता काळा डाग. ४०० मिमीपर्यंतची झूम लेन्स आहे, क्रॉप सेन्सर (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, ट्रायपॉड नाही.

अजून दोन गोष्टी. बांधावर फिरायला येणारे एक काका म्हणाले, पाणकावळ्याच्या अंगात तेलच नसतं, म्हणून तो पंख पसरून वाळवतो. मग तो शेपटीशी घासतो ते काय? आणि काठावरच्या ढोकरीजवळ (छोटा तपकिरी बगळा) थोडं सरकलं की ती साफसफाई थांबवते. उडत नाही, नुसती ताठ होते. अशा वेळी हळूहळू पुढे जायचं का?

पाणथळवेडा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पुढे जाऊ नका. मागे या आणि खाली बसा.

पिसं विंचरताना पक्ष्याची नजर स्वतःच्या अंगात असते, मान वळलेली असते, पंख अर्धवट उघडे असतात. शिकऱ्याने झडप घालावी तर याच वेळी. त्यामुळे आजूबाजूला धोका नाही अशी खात्री पटल्याशिवाय कुठलाही पक्षी निवांत साफसफाईला बसत नाही. ढोकरी थांबून ताठ झाली म्हणजे ती आता तुमच्याकडे बघते आहे. तिथून पुढे मिळेल तो फोटो घाबरलेल्या पक्ष्याचा. मागे सरकून शांत बसलात तर बहुतेक वेळा ती स्वतःहून पुन्हा सुरू करते. एक खूण लक्षात ठेवा: अस्वस्थ पक्षीसुद्धा मध्येच घाईने छातीवर दोन-चार चोची मारतो, पण तो लगेच मान वर करतो. खऱ्या प्रीनिंगमध्ये, म्हणजे पिसं साफ करण्यात, तो एका जागी रमतो, तिथलं काम झाल्यावरच पुढच्या पिसांकडे वळतो.

आता तेलाचं. काकांचं म्हणणं पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं, पण ते खरं नाही. शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला तैलग्रंथी असते आणि ती पाणकावळ्यालाही असते. तुम्ही पाहता ते तेच: चोच ग्रंथीवर घासून तो मेणचट स्राव पिसांवर पसरतो. त्याचे पंख भिजतात ते पिसांच्या रचनेमुळे. पिसाच्या कडेचा भाग सैल असतो, तिथे पाणी शिरतं. मधला भाग कोरडा राहतो. भिजलेल्या पिसांत हवा कमी अडकते, म्हणून बुडी मारणं सोपं जातं.

चोचीतून पीस ओढण्यामागे आणखी एक काम असतं. पिसाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू असतात, त्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. ते निसटले की पीस फाटल्यासारखं दिसतं. चोच फिरली की आकडे पुन्हा एकमेकांत अडकतात, अगदी जॅकेटची चेन लावावी तसे.

ढोकरीची तऱ्हा वेगळी. बगळ्यांच्या छातीवर आणि बाजूंना अशी पिसं असतात जी टोकाशी झिजून त्यांची पावडर होते. माशांचा चिकटा लागला की ती पावडर चोळायची आणि मधल्या बोटाच्या दातेरी नखाने खाजवून काढायची. डोक्यापर्यंत चोच पोचत नाही, तिथे पायच लागतो. बगळा पाय सरळ वर नेतो. टिटवी पंख खाली करून पाय त्याच्यावरून नेते. आधी हे नुसतं डोळ्यांनी बघा. कुठला पक्षी कुठली हालचाल करणार हे कळायला लागलं की बोट आपोआप वेळेवर दाबलं जातं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० पेक्षा कमी नको. मान मागे वळली की चोच आणि डोळा वेगवेगळ्या अंतरावर जातात, म्हणून लेन्सचं छिद्र लहान, एफ/८ ठेवा, म्हणजे दोन्ही स्पष्ट येतात. आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) वाढला तर वाढू द्या. फोकस डोळ्यावर. एक पीस सोडून दुसरं धरताना तो क्षणभर डोळा उघडतो, बर्स्ट (सलग फटाफट फोटो) तिथे मारा. मागे चकाकतं पाणी असेल तर कॅमेरा पक्ष्याला काळा करून टाकतो, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पक्ष्यानेच फ्रेम भरली असेल तर उलट, थोडं कमी करा.

सेमिनरीहिल्स_सकाळ

१/१००० शी सहमत, पण शेवटच्या झटक्याला तेही पुरत नाही. साफसफाई संपत आली की पक्षी सगळी पिसं फुलवतो आणि जोरात अंग झाडतो. फुलवायला लागला की लगेच १/२००० करा. पाण्याचे थेंब तेव्हाच छान मिळतात.

आणि एकट्या पक्ष्यावरच थांबू नका. आमच्याकडे सातभाई दुपारी एका फांदीवर चिकटून बसतात आणि एकमेकांची मान, डोकं साफ करतात. ज्याची पाळी असते तो मान वाकवून डोळे मिटून घेतो. तिथे मिटलेला डोळाच फोटोचा जीव आहे, तो टाकून देऊ नका. पिंगळ्याच्या जोडीतही हे दिसतं. फक्त ढोलीच्या तोंडाशी ठाण मांडू नका, आत पिल्लं असली तर आईबाप चारा घेऊन येत नाहीत.

धरमपेठकर

तैलग्रंथीचं काकांना उद्याच सांगते, त्यांना खरंच आवड आहे. एक राहिलं: बांधावरून काढू की पलीकडच्या काठावर जाऊ? तिकडे पक्षी जवळ दिसतात.

पाणथळवेडा

सकाळी बांधच. तलाव तुमच्या पश्चिमेला राहतो, ऊन पाठीमागून येतं आणि पाणकावळ्याच्या काळ्या पिसांतली हिरवट चमक उठून दिसते. पलीकडून तोंडावर ऊन घेऊन काढाल तर पुन्हा काळा डागच मिळेल. ट्रायपॉड नाही म्हणता, तर कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून लेन्स टेकवा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ पडतात. उन्हाळ्यात तर नऊच्या आधीच आटपा.