बुडबुडा फक्त अडकत नाही
खोल पाण्यातून वर आलेल्या डायव्हरला होणाऱ्या डीकंप्रेशन आजारात नायट्रोजनचा बुडबुडा रक्तवाहिनीत अडकतो म्हणून त्रास होतो, असं म्हणतात; पण ते अर्धंच आहे. डायव्हर वर आल्यावर बुडबुडे बहुतेक शिरांमध्ये सापडतात. डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) लावला तर ठणठणीत माणसातही ऐकू येतात. फुप्फुसं ते गाळतात, वायू श्वासावाटे निघून जातो. पण साधारण दर ४ माणसांत एकाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. तिथून बुडबुडा धमनीत आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर प्लेटलेट्स चिकटतात, वाहिनीच्या अस्तराला इजा होते, सूज येते. म्हणून बुडबुडा विरला तरी दुखणं उरतं. लक्षणं दिसताच शुद्ध ऑक्सिजन लावा, प्रेशर चेंबर (हवेचा दाब वाढवून उपचार करायची बंद खोली) गाठेपर्यंत वाट बघू नका. ‘परत पाण्यात उतर, बरं वाटेल’ हा सल्ला तर कृपा करून ऐकू नका.