विश्वास आहे पण गोडी नाही. टिकून राहायचं म्हणजे रोज नक्की करायचं काय?

नाइटवाली_सिस्टर | रात्री ११.४०

सलाम सगळ्यांना. जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्यात स्टाफ नर्स आहे, माहेर नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच येतं). घर पणजोबांपासून ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, त्यामुळे संडे स्कूल, युवक संघ, नाताळात रात्रभर गाणी म्हणत घरोघरी फिरणं सगळं केलंय, पण खरं सांगायचं तर ते घरचं म्हणून चालू होतं. चार वर्षांपूर्वी एका कॅम्पमध्ये मी स्वतःहून मनापासून जीवन प्रभूला दिलं, आणि त्यानंतर वर्षभर असं होतं की पहाटे चारला आपोआप जाग यायची, वचन वाचताना डोळ्यांत पाणी यायचं, कोणी उठवायला लागायचं नाही.

आता परवाचं सांगते. नाइट होती. साडेतीनला वॉर्ड शांत झाला, सलाईनी बदलून झाल्या, चार्ट भरले, म्हटलं पंधरा मिनिटं हातात आहेत. मोबाईलवर बायबल उघडलं, पौलाच्या फिलिप्पैकरांच्या पत्राचा तिसरा अध्याय, ते मागच्या गोष्टी विसरून पुढे धावायचं आहे ना, तिथपर्यंत आले आणि वरून नोटिफिकेशन पडलं, तेही मंडळीच्याच ग्रुपचं, कोणाचा तरी वाढदिवस. त्यावर केक टाकला, मग कोणीतरी पाठवलेलं गाणं ऐकलं, मग त्याच्या खालचं रील, मग पुढचं. भान आलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झालेली आणि सात नंबर बेडची बेल वाजत होती.

हे एकदा नाही, गेले सात-आठ महिने हेच. रविवारी ऑफ क्वचित मिळतो, नाइट करून तशीच उपासनेला गेले तर संदेशात पेंगते. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले तुझी पहिली प्रीती, म्हणजे सुरुवातीचं प्रभूवरचं प्रेम, गेली, बायबलातलं प्रकटीकरण दोन वाच. वाचलं. अजूनच वाईट वाटलं.

तसं मोठं पाप वगैरे काही नाही हो, नुसतं कोरडं कोरडं आहे. हे विश्वासातून घसरणं आहे का? आणि कृपा करून 'प्रभूवर दृष्टी ठेव' एवढंच सांगू नका, ते माहितीये, कशी ठेवायची ते सांगा.

प्रार्थनावीर_७ | रात्री ११.५२

ताई हा सरळ सैतानाचा हल्ला आहे. मोबाईल विकून टाका, २१ दिवस उपवास धरा, रोज पहाटे ३ ते ५ प्रार्थना. बंधन तुटलंच पाहिजे. आमेन!!

निवृत्त_मेट्रन | सकाळी ६.१५

वीरभाऊ, तुमचा उत्साह समजतो पण जी मुलगी रात्रभर पायावर उभी आहे तिला २१ दिवस उपाशी ठेवून पहाटे ३ ला कुठे उठवताय, ती ३ ला जागीच असते. चक्कर येऊन पडली तर पेशंट कोण बघणार?

बाळ, मी ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी नाइट असेल. तू आधी जुन्या करारातलं १ राजे १९ वाच. एलिया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि दुसऱ्याच अध्यायात तो रानात झुडपाखाली पडून म्हणतोय आता पुरे, मला मरण दे. मग दूत आला त्याने काय केलं? तुझी पहिली प्रीती कुठे गेली असं विचारलं का? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं, ऊठ खा म्हणाला. तो खाऊन परत झोपला. दूताने झोपू दिलं, मग दुसऱ्यांदा उठवून परत खायला घातलं, तेव्हा कुठे होरेब डोंगरापर्यंत ४० दिवस चालायची ताकद आली. देवाचा मंद आवाज वगैरे सगळं त्याच्या नंतर. त्यामुळे सलग नाइट झाल्या की ऑफच्या दिवशी पहिली झोप, अपराधी न वाटता.

दुसरं, माझी एक सवय सांगते, पटली तर घे. आपल्याला हात किती वेळा धुवावे लागतात. नीट साबणाने धुवायचे तर ४० सेकंद ते मिनिटभर लागतंच, नळाखाली उभं राहून दुसरं काही करता येत नाही, मोबाईल तर धरताच येत नाही. तेवढ्यात ज्या पेशंटकडून आले किंवा ज्याच्याकडे चाललेय त्याचं नाव घेऊन एक वाक्य. प्रभू, ह्या आजीचं दुखणं कमी कर. संपलं. एका ड्युटीत असं तीसेक वेळा तरी व्हायचं. आधी मी नाडी मोजताना करायचे, ते करू नकोस, आकडा चुकतो.

बांधावरचा_मास्तर | सकाळी ८.३०

सिस्टरबाई, कशी ठेवायची विचारलंत ते आवडलं. शाळा मास्तर होतो पण घरी बैलाचा नांगर होता त्यामुळे लूक ९:६२ (नांगराला हात घालून मागे बघणारा देवाच्या राज्याला लायक नाही) मला पुस्तकात कळायच्या आधी वावरात कळलं, वडलांच्या शिव्या खाऊन.

नांगराचं पहिलं तास, म्हणजे जमिनीतली ओळ, सरळ काढायचं असेल तर खाली फाळाकडे बघायचं नाही आणि बैलाच्या पाठीकडे तर मुळीच नाही. समोरच्या बांधावरची एक खूण धरायची, आमची एक बाभूळ होती, आणि तिच्यावर नजर ठेवून चालत राहायचं. मागं वळून बघितलं की काय होतं? मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की रुमण्यावरचा, म्हणजे नांगराच्या मुठीवरचा, हात दबतो आणि फाळ एका अंगाला जातो. तुम्हाला त्या क्षणी कळतसुद्धा नाही. टोकाला जाऊन बघितलं की कळतं तास साप गेल्यासारखं वाकडं. आणि पहिलं वाकडं गेलं की पुढची सगळी त्याच्या कडेनं जातात.

पण वडील वाकडं तास बघून वावर सोडून घरी गेले नाहीत कधी. बैल वळवायचे, बाभूळ परत बघायची, पुढचं तास थोडं सुधारून घ्यायचे. आता तुमचं बघा, तुम्ही चार वर्षांपूर्वीची ती रडू येणारी पहाट सारखी वळून बघताय. ती चांगलीच होती, पण ती मागंच आहे ना? ज्या फिलिप्पैकराच्या तिसऱ्या अध्यायात तुमचं नोटिफिकेशन आलं तिथं पौल जे मागं टाकतोय त्यात त्याच्या जमेच्या बाजूसुद्धा आहेत, नुसत्या चुका नाहीत.

तुम्ही तो तास, म्हणजे घड्याळातला, भरत नाही म्हणून रडताय. मी म्हणतो ते तास धरा, जमिनीतलं. रोज एक, छोटं का होईना. मार्काच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग, दहा ओळी, वाचून पुस्तक बंद.

वसईची_लेक | सकाळी ११.०५

आम्ही कॅथलिक, तुमच्याकडे वेगळं असेल, पण कोरडेपणावर आमच्या फादरांनी रिट्रीटमध्ये जे सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं म्हणून लिहिते. संत इग्नेशियसचे नियम आहेत, चारशेहून जास्त वर्षं जुने. त्यात एक असा की मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मन भरलेलं असताना जे ठरवलं त्यालाच धरून राहायचं, कारण अंधारात नवीन रस्ता काढला की चुकतो. दुसरं म्हणजे तासभर प्रार्थना ठरली असेल आणि कंटाळा आला असेल तर तासाच्या आधी उठायचं नाही, उलट थोडं जास्तच बसायचं, म्हणजे मनाला कळतं की कंटाळ्याचं इथे चालत नाही. मी तासभर बसत नाही हं! मी दहा मिनिटं बसते आणि कोरड्या दिवशी अकरा.

आणि शब्द सुचत नसतील तर तयार शब्द घ्या ना. आम्हाला रोझरी, म्हणजे जपमाळ, आहे, विरार लोकलमध्ये उभ्यानेसुद्धा होते, मन भरकटलं तरी बोट मण्यावर असतं, ते आपल्याला परत आणतं. तुमच्याकडे मणी नसतील पण स्तोत्रं आहेतच की, १३ वं स्तोत्र सुरूच होतं 'किती वेळ' अशा तक्रारीने. दाविदाला चालतं तर आपल्याला का नाही.

आमच्या वसईचेच संत गोन्सालो गार्सिया, त्यांना इग्नेशियसांनीच काढलेल्या येशूसंघात जायचं होतं, वर्षानुवर्षं वाट पाहिली, नाहीच घेतलं. मग व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. मधल्या त्या व्यापारी वर्षांत त्यांनाही वाटलंच असेल की आपलं काही होणार नाही आता.

केडगावचा_पाहुणा | दुपारी १.२०

पहिल्या प्रीतीवरून आठवलं. माझं आजोळ केडगावजवळ, पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनच्या गोष्टी ऐकतच वाढलो. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ ला झाला. पण पुढे त्यांनी स्वतःच सांगितलंय की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो मला १८९१ च्या सुमारास कळला. म्हणजे ८ वर्षं! आणि त्या ८ वर्षांत बाई गप्प बसल्या होत्या का, अमेरिका फिरून आल्या, मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. विद्वान इतक्या की कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलेलं, त्यांनासुद्धा मधली ८ वर्षं लागली. आपण आठ महिन्यांत घाबरतो.

आणि शेवट बघा. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल करत बसल्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं. छापखाना तिथलाच, टाइप जुळवायला तिथल्याच बायका. त्यात १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्यावर सगळं सोपवायचं होतं ती. तरी काम सोडलं नाही, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः गेल्या तोवर करत होत्या. आता रोज त्यांना गोडी वाटत असेल का? टाइपाचे मुद्रितशोधन करताना? मला नाही वाटत.

प्रार्थनावीर_७ | दुपारी १.४४

सगळे छान लिहिताय पण मोबाईलचं कोणीच बोलत नाही. मूळ तिथेच आहे.

परत_आलेला | दुपारी ३.३०

वीरभाऊंचा हा मुद्दा बरोबर आहे, उपवासाचा सोडा. बायबलातल्या इब्री १२ मध्ये धावण्याची गोष्ट आहे तिथे दोन गोष्टी टाकायला सांगितल्यात, एक भार आणि दुसरं पाप. दोन वेगळे शब्द आहेत. ताई म्हणतायत मोठं पाप काही नाही, बरोबर, पण भार आहे. रील बघणं पाप आहे का ह्यावर आमच्या युवक संघात दोन तास भांडण झालं होतं, अरे पाप नसेल पण ते पायात घालून पळता येतं का एवढंच बघा की.

मी सहा वर्षं मंडळी सोडली होती. लोकांना वाटतं कोणीतरी ठरवून विश्वास सोडतो. मी काहीच ठरवलं नव्हतं. कंपनीत रविवारी रिलीज असायचं, एक रविवार गेला, मग दमलोय म्हणून एक, मग पाहुणे, मग इतके दिवस गेलो नाही आता लोक काय विचारतील म्हणून. कोणाशी भांडण नाही, शंका नाही, काही नाही. सहा वर्षं.

परत आलो ते एका म्हाताऱ्या काकांमुळे. ते दर शनिवारी संध्याकाळी फोन करायचे, उपदेश एका शब्दाचा नाही, फक्त म्हणायचे 'उद्या खिडकीजवळची जागा ठेवतोय'. मी येतो म्हणायचो आणि जायचो नाही. दोन वर्षं त्यांनी हे केलं. शेवटी एकदा लाज वाटून गेलो तर खरंच बाकावर त्यांचं गीताचं पुस्तक ठेवलेलं होतं, जागा धरायला. मला तिथे बसून काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हा ताई, एक माणूस धरा. अख्खा ग्रुप नको, ग्रुपवर दीडशे आमेन येतात आणि कोणाला कोणाचं माहीत नसतं. एकच मैत्रीण, जिला तुम्ही मेसेज कराल 'आज वाचलं' किंवा 'आज नाही वाचलं'. नाही वाचलं तेही कळवायचं, त्यालाच जास्त धाडस लागतं.

नाइटवाली_सिस्टर | दहा दिवसांनी, संध्याकाळी ६.५०

सगळ्यांना थँक्यू. लगेच उत्तर दिलं नाही कारण म्हटलं आधी करून बघावं.

मेट्रन मॅडम, ऑफच्या दिवशी अकरा तास झोपले. आई फोनवर म्हणाली आजारी आहेस का.

मोबाईल विकला नाही वीरभाऊ, पण ड्युटीत लॉकरमध्ये ठेवते, आणि नर्सिंगला असताना मिळालेला खिशातला छोटा नवा करार शोधून काढला. अक्षर इतकं बारीक की रात्रीच्या लाइटला डोळे ताणावे लागतात, त्यामुळे दहा ओळींच्या वर वाचवतच नाही, मास्तरांचा हिशोब आपोआप बसतो. दहा दिवसांत सहा दिवस झालं, चार दिवस नाही. माझ्याच बॅचची एक आहे, ती आता मिरजला असते, तिला 'नाही' असे चार मेसेज गेले. तिचे मला पाच आले.

नळाखालचं मात्र रोज होतंय. गोडी वगैरे अजून काही आली नाही, खोटं कशाला सांगू. पण काल सात नंबरच्या आजींचा डिस्चार्ज झाला, जाताना त्यांनी विचारलं की पोरी तू हात धुताना काय पुटपुटतेस गं, मंत्र आहे का. मला काय बोलावं कळेना, म्हटलं आजी तुमचं नाव घेत होते. त्यांनी माझा हात धरला तो लिफ्ट येईपर्यंत सोडला नाही.

मास्तर, बाबांना तुमचं वाचून दाखवलं. ते म्हणाले बाभूळ बरोबर आहे, फक्त एकच झाड धरायचं, दोन धरली की गेलं काम. चला, आठची ड्युटी आहे, बस चुकेल.