"सार्वकालिक दृष्टी ठेवा" म्हणजे नक्की करायचं काय?

भंवरकुआं_ते_घर

सर्वांना जय ख्रिस्त. इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे उपासना हिंदीत, पण घरी बायबल आजीचं, मराठी, त्यामुळे अशा गोष्टी मराठीतच विचाराव्याशा वाटतात.

नऊ वर्षं एमपीपीएससी, म्हणजे मध्य प्रदेशची राज्यसेवा परीक्षा, दिली. दोनदा मुलाखतीपर्यंत गेलो आणि आता वयाची मर्यादा संपली, म्हणजे विषय संपला. मागच्या शनिवारी सगळ्या नोट्स रद्दीत दिल्या, रद्दीवाल्याने काटा लावला, ४१ किलो, आणि मी वेड्यासारखा विचार करत बसलो की वर्षाला साडेचार किलो झाले. गठ्ठा बांधता बांधता एक वही निघाली, पहिल्या पानावर आईने लिहिलेलं वचन, यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत वगैरे. ती द्यायला हात धजावेना, ठेवायलाही नको वाटे, तेव्हापासून फ्रिजवर पडलीये.

प्रश्न असा की चर्चमधे जो तो सांगतो, ब्रदर, हे जग क्षणिक आहे, दृष्टी स्वर्गाकडे ठेवा. मी मान डोलावतो, चहा पितो, घरी येतो. इथलं काही मोजायचंच नसेल तर नऊ वर्षं त्याच गोष्टीसाठी उपास-प्रार्थना कशाला करायला लावल्या यार? रागात विचारत नाहीये. म्हणजे थोडा आहे राग.

तिखट_शेव

भिया, आधी त्या वचनाचं बघू. ११ वं वचन कॅलेंडरवर छापतात, मगवर छापतात, १० वं कोणी छापत नाही कारण त्यात लिहिलंय की बाबेलची ७० वर्षं भरल्यावर. ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. सत्तर वर्षं म्हणजे ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यातल्या बहुतेकांना परत जाणं काही दिसणार नव्हतं. आणि लवकरच सुटाल असं गोड गोड सांगणारे संदेष्टे तिथेही होतेच, त्यांचं ऐकू नका असं त्याच पत्रात आहे. तेव्हा हे वचन तुझ्या रिझल्टबद्दल कधीच नव्हतं. आईने लिहिलं ते प्रेमाने, तिची चूक नाही, आपल्याला सगळ्यांना ते असंच शिकवलंय.

बाकी चर्चमधे चहाच्या वेळी बोलणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नको, त्यांनाही काय बोलावं सुचत नसतं.

रिटायर्ड_बाई

अरे बाळा, मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, तुझ्यासारखी किती मुलं पाहिली. एक सांगते. प्रेषित पौलाने २ करिंथच्या, म्हणजे करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या, ४ थ्या अध्यायात आपल्या संकटाला "हलकं" म्हटलंय, तेच लोक तुला ऐकवत असतील. पण त्याच पत्रात पुढे ११ व्या अध्यायात त्याने सगळा हिशोब मांडलाय बरं का, पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, तीनदा तारू फुटलं, एक रात्र एक दिवस समुद्रात. ज्याला काही मोजायचंच नाही तो असा आकडा लावून लिहितो का? त्याने आधी मोजलं, मग दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहून हलकं म्हटलं. आणि तेही स्वतःच्या संकटाला. दुसऱ्याच्या संकटाला हलकं म्हणायची परवानगी त्यातून कोणाला मिळत नाही.

मेलेल्या मित्राच्या, लाजाराच्या कबरेशी प्रभू येशू रडला. थोड्याच वेळात त्याला मेलेल्यातून उठवणार हे माहीत असून रडला. म्हणून म्हणते, तूही रडून घे आधी.

आमचे हे गेले तेव्हा मला पंडिता रमाबाईंचा फार आधार झाला. आई, वडील, बहीण दुष्काळात गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत तोच १८८२ मधे नवरा कॉलऱ्याने. उरली एक मुलगी, मनोरमा, केडगावच्या मुक्ती मिशनचं काम पुढे तीच बघणार असं सगळे धरून चाललेले, तर १९२१ मधे तीही गेली. बाई त्यावेळी बायबलचं भाषांतर करत होत्या, मूळ इब्री-ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. काम चालूच ठेवलं. १९२२ च्या एप्रिलमधे स्वतः गेल्या. मला नेहमी वाटतं, लेक गेल्यावर त्या टेबलाशी परत बसल्या तो पहिला दिवस कसा गेला असेल.

भंवरकुआं_ते_घर

बाई, हे वाचून जरा बरं वाटलं, खरंच. पण मग आशा नक्की कशाची धरायची? नोकरीची नाही हे कळलं.

सांवेरचा_शेतकरी

मी फार शिकलेलो नाही, सोयाबीन-गहू करतो. इब्री ६:१९ मधे आहे न, आशा म्हणजे जिवाचा नांगर. लहानपणी मला वाटायचं हा आपला बैलांचा नांगर, आणि मला ते पटायचं पण, की आशा म्हणजे उलथापालथ, जमीन फाडणारी. समुद्र पाहिला तोच मुळी तिशीत, मामांबरोबर मुंबईला गेलो तेव्हा, ससून डॉकला. तिथे कळलं की हा नांगर वेगळा, जहाजाचा. मामांना विचारलं कुठेय तो, तर ते म्हणाले दिसत नसतो रे, खाली असतो, दोर बघ. दोर ताणलेला होता आणि होडी चांगली डुलत होती. मला वाटलेलं नांगर टाकला की होडी गप्प उभी राहते. तसं नसतं.

इब्रीमधे तर तो नांगर खालीही नाही टाकलेला, मंदिरातल्या पडद्याच्या आत, देवाच्या समोर टाकलाय, जिथे येशू आपल्या आधी गेलाय. तर आशा अमुक मिळेल याची नाही, तो तिथे आहे याची. माझा सोयाबीन मागच्या वर्षी पिवळा मोझॅक पडून गेला तेव्हा मी काही स्तोत्रं गात बसलो नव्हतो, शिव्या दिल्या, झोप नाही आली. पण वाहून गेलो नाही एवढं म्हणू शकतो.

आणि स्वर्गाकडे बघा म्हणजे इथलं सोडा असं नाही दादा. १ करिंथ १५ आख्खा पुनरुत्थानावर, शेवटचं वचन काय तर तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच १६:१ ला पौल वर्गणीचा विषय काढतो. तुतारी वाजली, मेलेले उठले, आता पैसे जमा करा. मला हे लई आवडतं.

तिखट_शेव

😂 खजिनदार मंडळी एवढंच वाचत असतील.

भंवरकुआं_ते_घर

सगळ्यांचे आभार. काल रात्री वही खाली काढली. आईने विचारलं काय करतोस, म्हटलं बघतोय. पुढची बरीच पानं कोरी निघाली, भाची सातवीत आहे, तिला गणिताला देतोय, तिला रोज संध्याकाळी मीच शिकवतो सध्या. पहिलं पान तसंच ठेवलं. त्याच्यावर जागा होती तिथे १० वं वचन लिहून टाकलं.

तिखट_शेव

५ वं पण लिही. घरं बांधा, बागा लावा.