कन्सल्टिंगमध्ये सुरुवात करावी का? आणि दोन-तीन वर्षांनी पुढे काय?

सांगलीची_मेकॅनिकल:
नमस्कार. पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून दोन ऑफर हातात आहेत. एक मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्मची, म्हणजे कंपन्यांना कारभाराबद्दल सल्ला देणारी, अ‍ॅनालिस्ट म्हणून, पोस्टिंग गुरगावला. दुसरी चाकणच्या वाहन कंपनीत ग्रॅज्युएट ट्रेनी. पगारात जवळजवळ दुपटीचा फरक. बाबा साखर कारखान्यात आहेत, ते म्हणतात, "मशीनला हात न लावता इंजिनिअर कसली?" सीनियर्स म्हणतात, कन्सल्टिंगमधून पुढे कुठेही जाता येतं. हे 'कुठेही' म्हणजे नक्की कुठे? आणि मला पुढे कारखान्यात परत यायचं असेल, तर तो रस्ता बंद होतो का?

अंधेरीकर:
डोळे झाकून कन्सल्टिंग घे. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या मोठ्या कन्सल्टिंग फर्म्सच बघ: सुंदर पिचाई मॅकिन्झीतून गूगलला गेले, इंद्रा नूयी बीसीजीत होत्या, झोमॅटोचे दीपिंदर गोयल बेनमधले. आणखी काय पुरावा हवा?

वाळूज_ते_चाकण:
मी कन्सल्टिंगमध्ये काही वर्षं काढून आता चाकणला ऑपरेशन्समध्ये आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अंधेरीकरांनी दिलेली नावं बरोबर आहेत, पण ती माणसं कुठून कुठे गेली तेही बघ. नूयी बीसीजीतून निघाल्या त्या मोटोरोलात, तिथून एबीबीत. पेप्सिकोत आल्या १९९४ मध्ये आणि सीईओ झाल्या २००६ मध्ये. गोयल यांना कल्पना सुचली ती बेनमध्ये असताना, ऑफिसातले लोक जेवण मागवायला मेनूकार्डांसाठी रांग लावतात हे बघून. फर्मच्या नावावर तुझा सीव्ही वाचला जाईल, हे खरं. पुढचं सगळं तू कोणत्या कामावर होतीस त्यावर ठरतं.

एखादा फंड कंपनी विकत घेण्याआधी तिचा बाजार, स्पर्धक, ग्राहक कन्सल्टंट्सकडून काही आठवड्यांत तपासून घेतो. अशी ड्यू डिलिजन्स बरीच केलीस तर प्रायव्हेट इक्विटीवाले, म्हणजे असे कंपन्या विकत घेणारे फंड, बोलावतात. ग्रोथ आणि प्रायसिंगच्या कामातून कंपन्यांच्या स्ट्रॅटेजी विभागात किंवा स्टार्टअपच्या फाउंडर्स ऑफिसमध्ये, म्हणजे संस्थापकासोबत थेट काम करणाऱ्या टीममध्ये, जाता येतं. कारखान्यात परतायचं असेल तर ऑपरेशन्सची प्रोजेक्ट्स मागून घे. पहिलं प्रोजेक्ट जे मिळेल ते मिळेल. त्यानंतर मात्र स्टाफिंग, म्हणजे कोणाला कोणतं प्रोजेक्ट द्यायचं ते, बघणाऱ्याला आणि पार्टनरला स्वतः जाऊन सांगायचं. गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

माझं वाळूजचं एक काम सांगते. प्रेस शॉपमध्ये, जिथे पत्रा दाबून आकार देतात, डाय म्हणजे प्रेसचा साचा बदलायला फार वेळ लागायचा. आमच्या स्लाइडवर टप्पे होते: बोल्ट काढणे, डाय उतरवणे, नवी चढवणे. प्रत्यक्षात प्रेस उभी असायची ती क्रेनसाठी. दोन लाइनींना मिळून ओव्हरहेड क्रेन एकच, ती मोकळी होईपर्यंत ऑपरेटर पाना हातात घेऊन थांबलेला. एक्सेलमध्ये हे कुठेच नव्हतं. दुसऱ्या पाळीच्या फोरमननी मला शेजारी उभं करून दाखवलं. मग प्रेस चालू असतानाच पुढची डाय ट्रॉलीवर आणून ठेवायची, असा बदल केला आणि तो अंगवळणी पडेपर्यंत मी तिथे थांबले. आत्ताच्या नोकरीच्या मुलाखतीत प्लँट हेडनी बाकी सीव्ही बाजूला ठेवून याच क्रेनबद्दल खोदून खोदून विचारलं. "सुचवलंत ठीक, राबवलं कोणी?" हा प्रश्न तुलाही येणार. म्हणून नुसता रिपोर्ट देऊन निघायचं काम आणि अंमलबजावणीचं काम यात निवड असेल, तर दुसरं घे.

रस्ता बंद होत नाही, पण अरुंद होत जातो. दोन-तीन वर्षांत परतलीस तर कारखाना आनंदाने घेतो, पगार थोडा कमी घ्यावा लागेल. मॅनेजर झाल्यावर परतणं अवघड, कारण तेव्हा शिफ्ट, युनियन, मेंटेनन्स सांभाळलेला माणूस हवा असतो. बाबांचं म्हणणं मला पटतं. तरीही मी तुला जा म्हणेन.

सांगलीची_मेकॅनिकल:
ताई, खूप आभार. 'अप ऑर आउट'ची भीती वाटते. बढती नाही मिळाली तर काढतात ना?

वाळूज_ते_चाकण:
हो, ठरावीक काळात पुढची पायरी गाठली नाही तर निघायला सांगतात. पण मोठ्या फर्म्स सहसा नोकरी शोधायला पगारी वेळ देतात, ओळखी करून देतात. आज बाहेर पडलेला माणूस उद्याचा क्लायंट असतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. तू घाबरू नकोस.

बाणेरचा_हेमंत:
मी भरतीचं काम करतो. एक गोष्ट कोणी विचारली नाही: गुरगावची ही जागा क्लायंटसमोर बसणाऱ्या टीममधली आहे की रिसर्च सेंटरमधली? मॅकिन्झीचं नॉलेज सेंटर गुरगावातच आहे, इतरांचीही अशी केंद्रं आहेत. काम चांगलं असतं, पण तिथला अ‍ॅनालिस्ट बहुतेकदा परदेशातल्या टीमला माहिती आणि मॉडेल पुरवतो, शॉप फ्लोअरवर क्वचितच जातो. बाहेर पडतानाच्या संधीही त्यामुळे वेगळ्या असतात. ऑफर लेटरवर पद सारखंच दिसू शकतं, त्यामुळे नुसतं पद वाचून थांबू नकोस. एचआरला लेखी विचार: जागा कोणत्या टीममधली, प्रवास किती, आणि त्याच पदावरून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेले लोक कुठे गेले. त्यांच्यापैकी दोघांशी लिंक्डइनवर बोल, मग सही कर.